नेव्हिल, ॲन

(११ जून १४५६–१६ मार्च १४८५). इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याची राणी व शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड द थर्ड’ (सु. १५९२–९३) या नाटकातील एक प्रमुख स्त्रीपात्र. राजमुकुटासाठी यॉर्क व लँकेस्टर या घराण्यांत झालेल्या ‘गुलाबांच्या युद्धां’त (१४५५–८५) तिचे आप्तसंबंध दोन्ही पक्षांशी जोडले गेले.

‘किंगमेकर’ म्हणून प्रसिद्ध असलेला वॉरिकचा अर्ल रिचर्ड नेव्हिल हा तिचा पिता. १४६१ मध्ये त्याने यॉर्क घराण्यातील चौथ्या एडवर्डला गादीवर बसविण्यास साहाय्य केले. पुढे त्याच्याशी वितुष्ट येताच तो लँकेस्टर पक्षास मिळाला व सहाव्या हेन्रीचा पुत्र एडवर्ड याच्याशी त्याने ॲनचा विवाह लावला (१४७०). १४७१ मध्ये बार्नेटच्या लढाईत पिता आणि ट्यूक्सबरीच्या लढाईत पती मारला गेला. तेव्हा तिला पंधरावे वर्ष चालू होते. सु. १४७२ मध्ये ती चौथ्या एडवर्डचा भाऊ रिचर्ड याची पत्नी झाली.

शेक्सपिअरने या घटनाक्रमाचा एकाच प्रवेशात संक्षेप केला आहे. सासऱ्याच्या शवाजवळ शोक करणारी ॲन, पती व सासरा यांचा वध करणाऱ्या रिचर्डला व त्याच्या भावी पत्नीलाही शाप देते. मात्र प्रवेश संपण्यापूर्वी त्याचीच अंगठी स्वीकारते. रिचर्डच्या वाक्‌चातुर्याचे सामर्थ्य त्यामुळे प्रभावीपणे प्रकटते. परंतु ॲनचे मतपरिवर्तन केवळ मनाचे दौर्बल्य ठरते.

ऐतिहासिक वास्तव याहून गुंतागुंतीचे होते. ॲन व तिची बहीण इझाबेल या नेव्हिल कुटुंबाच्या विस्तीर्ण जमिनींच्या वारस होत्या. इझाबेलचा पती, क्लॅरन्सचा ड्यूक जॉर्ज, याने मालमत्तेची वाटणी टाळण्यासाठी ॲनच्या पुनर्विवाहास विरोध केला. १४७४ मध्ये पार्लमेंटने तिच्या हयात मातेला कायद्याने मृतवत मानून तिची मालमत्ता दोन्ही जावयांकडे सोपविली. अशा परिस्थितीत रिचर्डशी विवाह हा ॲनच्या दृष्टीने संरक्षणाचा आणि वारसाहक्क राखण्याचाही मार्ग होता. म्हणून तिला चंचल ठरविणे जितके अपुरे, तितकेच तिला केवळ असहाय मानणेही अपुरे आहे.

नाटकाच्या चौथ्या अंकात शेक्सपिअरने पहिल्या प्रवेशातील ही उणीव काही अंशी भरून काढली आहे. राज्याभिषेकासाठी बोलावणे येताच आपला शाप आपल्यावरच उलटल्याचे ॲन ओळखते. येथे ती रिचर्डच्या विजयाचे साधन न राहता स्वतःचा न्यायनिवाडा करणारी व्यक्ती बनते. तथापि १४८४ मध्ये मृत्यू पावलेल्या तिच्या एकुलत्या मुलाला नाटकात स्थान नाही. त्यामुळे मुलाच्या वारसाहक्काच्या रूपाने रिचर्डच्या राज्याशी जडलेला तिचा सर्वांत निकटचा हितसंबंध प्रेक्षकास दिसत नाही. विवाहाबरोबर पक्ष बदलणाऱ्या सरदारकन्येची निष्ठा कोणावर असावी, हा प्रश्न नाटकाने समर्थपणे उभा केला. पण ती निष्ठा ठरविण्याचा अधिकार तिला कितपत होता, या प्रश्नाला त्याने स्पर्श केला नाही.