कानाने वाचावयाचे पान : सार्वजनिक संकेतस्थळे आणि मराठी लेखन

सार्वजनिक सेवेच्या संकेतस्थळांची चर्चा बहुधा तंत्राच्या अंगाने होते. स्थळ किती वेगाने उघडते, त्यावर किती सेवा मिळतात, किती अर्ज निकाली निघाले, एवढ्यावर ती थांबते. परंतु संकेतस्थळ हे प्रथमतः एक लिहिलेले पान आहे, आणि लिहिलेल्या पानाची परीक्षा भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेबाहेरची मानण्याचे कारण नाही. दिव्यांग वाचकाच्या दृष्टीने ही परीक्षा करू लागले म्हणजे यांत्रिक समजले जाणारे पुष्कळसे दोष वस्तुतः लेखनाचे दोष आहेत, असे आढळून येते.

या परीक्षेला कायद्याचे अधिष्ठान आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या ४२ व्या कलमाने इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम्य स्वरूपात देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या निर्णयात, सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशींच्या स्वरूपात ठेवणे मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवले. आणि ३० एप्रिल २०२५ च्या निर्णयात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा अधिकार हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या अधिकाराचाच भाग असल्याचे सांगितले. २०११ च्या जनगणनेत देशातील दिव्यांगांची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रातील सुमारे २९ लाख ६० हजार नोंदली गेली. त्या गणनेत दिव्यांगत्वाचे आठच प्रकार होते. २०१६ च्या अधिनियमात ते एकवीस आहेत. तेव्हा प्रश्न मूठभरांच्या सोयीचा नाही.

अंध वाचक संकेतस्थळ कसे वाचतो, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. त्याच्या संगणकावरील अथवा फोनवरील स्क्रीन रीडर पानातील अक्षरे ओळीने उचलतो व ती उच्चारून दाखवतो. डोळ्याला दिसणारी रचना, रंग, चौकटी यांचा त्याला उपयोग नाही. पानाच्या पोटात अक्षर म्हणून जे साठवले असेल तेवढेच त्याच्या वाट्याला येते. म्हणजे येथे एकाच पानाच्या दोन संहिता असतात : एक दिसणारी आणि एक साठवलेली. ज्या पानात या दोन्ही एकरूप असतील ते सुगम्य. ज्यात त्यांची फारकत झाली असेल ते दुर्गम.

ही फारकत मराठीत कशी झाली, याचे उत्तम उदाहरण जुन्या फॉन्टमध्ये मिळते. युनिकोडपूर्वीच्या काळात देवनागरी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवले गेले. कृतिदेव या फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द टंकित केला, की पडद्यावर मराठी दिसते. पण साठवली जातात ती ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरे. स्क्रीन रीडर तीच वाचतो. याहून सूक्ष्म भेद ऱ्हस्व इकाराचा आहे. ‘कि’ लिहिताना वेलांटी डोळ्याला आधी दिसते, म्हणून जुन्या फॉन्टने ती आधी साठवली. युनिकोडने मात्र आधी ‘क’ आणि मग इकार, असा उच्चाराचा क्रम स्वीकारला. पहिली पद्धत डोळ्याची, दुसरी कानाची. देवनागरी ही उच्चारानुसारी लिपी आहे असे आपण अभिमानाने सांगतो. त्या अभिमानाला साजेसे साठवण दुसऱ्या पद्धतीतच होते.

युनिकोड स्वीकारल्याने प्रश्न मिटला असे मात्र नाही. कार्यालयात परिपत्रक संगणकावर टंकित होते, छापले जाते, त्यावर सही-शिक्का होतो, आणि त्या कागदाचे छायाचित्र पीडीएफ म्हणून संकेतस्थळावर चढवले जाते. जे अक्षर म्हणून जन्मले त्याचे अशा रीतीने चित्र होते, आणि स्क्रीन रीडर त्या पानावर मुका होतो. सहीची आवश्यकता हे त्याचे कारण सांगितले जाते. परंतु माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने अंकीय स्वाक्षरीला मान्यता दिल्यानंतर त्या कारणात फारसे बळ उरत नाही.

तिसरे उदाहरण केवळ मराठीचे आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग, हा भेद दाखवणारा अर्धा र संगणकात दोन प्रकारांनी लिहिला जातो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. साठवलेली चिन्हे मात्र भिन्न असतात. लाभार्थ्यांच्या यादीत ‘कऱ्हाडे’ हे आडनाव एका प्रकाराने नोंदले असेल आणि शोधणाऱ्याने दुसऱ्या प्रकाराने लिहिले, तर ‘नाव आढळत नाही’ असे उत्तर येऊ शकते. डोळस मनुष्य यादीवरून नजर फिरवून नाव हुडकतो. अंध अर्जदाराचा भरवसा शोधावरच असतो. आपला अर्ज नामंजूर झाला, अशी त्याची समजूत होणे शक्य आहे. लेखनातील एवढ्याशा अनियमाने केवढा अनर्थ होऊ शकतो, हे यावरून दिसते.

या दोषांवर मानके हा उपाय आहे, आणि मानकांचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. जागतिक पातळीवरील पहिली मार्गदर्शक तत्त्वे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. भारत शासनाने आपल्या संकेतस्थळांसाठी मार्गदर्शिका २००९ मध्ये काढली व तिची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. तथापि मानकाची पूर्तता म्हणजे सुगम्यता नव्हे. प्रतिमेला पर्यायी मजकूर हवा, असे मानक म्हणते. तालुकावार पावसाच्या आलेखाला कोणी ‘प्रतिमा १’ असे नाव दिले, तरी यांत्रिक तपासणीला मजकूर सापडतो. ‘पावसाचा आलेख’ असे लिहिल्यास चित्राचे नाव कळते, आशय कळत नाही. कोणत्या तालुक्यात पाऊस सर्वांत कमी पडला हे सांगणारे वाक्यच त्या आलेखाचा खरा पर्याय होय. ते लिहिणाऱ्याला आलेख त्या पानावर कशासाठी आहे याचा निर्णय करावा लागतो; आणि हा निर्णय अर्थाचा आहे, यंत्राचा नव्हे. पानाच्या माथ्यावर अक्षरे लहान-मोठी करणारी बटणे बसवून कर्तव्य संपले असे मानणारी वृत्ती याच निर्णयातून सुटका करून घेत असते.

मानकाची आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. वाचनाची पातळी सोपी ठेवावी, हा निकष जागतिक तत्त्वांत सर्वांत वरच्या, म्हणजे व्यवहारात सहसा बंधनकारक नसलेल्या श्रेणीत ठेवलेला आहे. त्यामुळे ‘उपरोक्त संदर्भाधीन प्रकरणी तदनुषंगाने’ अशा वाक्याने आरंभ होणारी सूचनाही तांत्रिक दृष्ट्या निर्दोष ठरू शकते. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीला, तसेच मराठी ही सांकेतिक भाषेनंतरची दुसरी भाषा असलेल्या कर्णबधिर वाचकाला, ती भिंतीसारखी आडवी येते. राजभाषा मराठी झाली. ती लोकांना कळेल अशी व्हावी, हे काम अद्याप शिल्लक आहे.

यावर असा आक्षेप घेता येईल, की आता संगणक चित्रातील अक्षरे ओळखतो, चित्रांचे वर्णनही करतो. मग लेखनाची एवढी चिकित्सा कशाला? आक्षेपात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. यंत्राची ओळख हा अंदाज असतो. कादंबरीच्या पानात एखादे अक्षर चुकले तर चालेल. अर्जाची अंतिम तारीख, निवृत्तिवेतनाची रक्कम अथवा सातबाऱ्यावरील गट क्रमांक यांत चालणार नाही. शिवाय त्यामुळे जबाबदारी लिहिणाऱ्या शासनाकडून वाचणाऱ्या नागरिकाकडे सरकते.

अखेरीस प्रश्न स्वाधीनतेचा आहे. ज्याला स्वतःचे वैद्यकीय प्रमाणपत्र किंवा बँकेचे पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते, त्याची केवळ गैरसोय होत नाही. त्याचा खाजगीपणा जातो. १९५१ मध्ये स्वीकारल्या गेलेल्या भारती ब्रेलने भारतीय भाषांतील समान ध्वनींना शक्यतो एकच चिन्ह देऊन अंध वाचकाच्या हाती अक्षर दिले. ते अक्षर आज पडद्यामागे साठवलेले असते. ते तेथे शुद्ध, क्रमशुद्ध आणि अर्थपूर्ण आहे की नाही, हे तपासणे हे पाठचिकित्सेचेच काम आहे. आणि संहितेतील पाठभेद पारखण्याची सवय असलेल्या मराठीच्या अभ्यासकांनी ते परक्यांवर सोपवू नये.