पौर्णिमेचा जावई

आमच्या घरात छापील कागद वाया जात नाही. भेळ संपली की मी भेळेचा कागद उलगडून वाचतो, आणि मजकूर अर्धवट तुटलेला निघाला तर दुसरी भेळ घेतो. त्यामुळे सुटीला आलेली नात जाताना सहा जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या इथंच विसरली, तेव्हा त्या माझ्या तावडीत सापडणार हे ठरलेलंच होतं.

"अहो, ते नातीच्या वयाचं वाचन आहे," सौ. म्हणाली.

"नातीच्या हाती काय पडतं ते आजोबांनी नको का पाहायला?" मी म्हटलं.

ही झाली सबब. तिसऱ्या रात्री दोन वाजता माझ्या उशाचा दिवा चालू होता, ही वस्तुस्थिती.

या कादंबऱ्यांचं सूत्र सोपं आहे. मुलगी साधीसुधी असते. मुलगा देखणा, एकवचनी आणि तिच्यावर जीव टाकणारा असतो. फक्त अधूनमधून त्याचा लांडगा होतो. आपल्याकडे स्थळ पाहताना 'मुलगा निर्व्यसनी आहे ना?' एवढं विचारलं की भागतं. तिकडे 'पौर्णिमेला काय करतो?' हेही विचारून घ्यावं लागतं.

सुरुवात स्टेफनी मेयरबाईंच्या 'ट्वायलाइट' मालिकेपासून केली. २००५ ते २००८ या काळात आलेले चार भाग. यातला नायक रक्त पिणारा व्हँपायर, आणि जेकब नावाचा लांडगा हा दुसऱ्या नंबरचा उमेदवार. लांडगा होताना अंगावरचे कपडे फाटतात, म्हणून हा जेकब पायाला चामड्याची वादी बांधतो आणि तिला आपले कपडे अडकवून नेतो. कपड्यांची ही काळजी पाहून मध्यमवर्गीय मन भरून आलं. मी मनातल्या मनात जेकबला मत देऊन टाकलं.

पण पुढं त्यानं डिपॉझिट घालवलं. या लांडग्यांत 'इम्प्रिंट' नावाचा प्रकार असतो. एका मुलीवर नजर पडते आणि लांडगा जन्माचा तिचा होतो. पत्रिका नको, पसंती नको. चौथ्या भागात जेकबची ही नजर पडते ती नायिकेच्या नुकत्याच जन्मलेल्या मुलीवर! पोर मोठी होईपर्यंत तो थोरल्या भावासारखा वागेल, असा खुलासा बाईंनी केलेला आहे. असेल. पण देवलांनी १८९९ साली 'शारदा' रंगभूमीवर आणलं, १९२९ साली बालविवाहाविरुद्ध कायदा झाला, आणि एवढं सगळं करून एकविसाव्या शतकात पाळण्यातलं लग्न अमेरिकेहून परत येणार? तेही प्रेमकथा म्हणून? तिथं मात्र मला हसू आलं नाही. पोरीला विचारणार कोण?

दुसरं खूळ 'अल्फा'चं. उरलेल्या एका पुस्तकात नायक कळपाचा अल्फा, म्हणजे मुखिया. तो गुरगुरतो, हुकूम सोडतो, नायिकेला न विचारता तिच्याविषयीचे निर्णय घेतो, आणि ती 'काय हा पुरुष!' म्हणून विरघळते. ही कल्पना आली कुठून? रुडॉल्फ शेंकेल या शास्त्रज्ञानं १९४७ साली बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं. डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या पुस्तकानं ती कल्पना सर्वदूर नेली. आणि १९९९ साली याच मेकसाहेबांनी प्रामाणिकपणे सांगितलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पोरं! पिंजऱ्यात एकत्र कोंडलेले परके लांडगे एकमेकांवर गुरगुरणारच. गर्दीच्या वेळी लोकलच्या डब्यात शिरून मराठी कुटुंबपद्धतीचा अभ्यास करावा, तसं झालं हे. खरा अल्फा म्हणजे बाप. शिकार करून यायचं आणि पोटातलं काढून पोरांना भरवायचं. असल्या नायकाचं चित्र मुखपृष्ठावर कोण छापणार?

मन रमलं ते मॅगी स्टीफवेटरबाईंच्या 'शिव्हर'मध्ये. हे पुस्तक २००९ सालचं, मिनेसोटातलं. इथं चंद्राचा संबंध नाही. थंडी पडली की लांडगा, ऊब मिळाली की माणूस. (असा जावई मुंबईला राहायला आणला तर प्रश्नच मिटला.) पण एक अट आहे. दरवर्षी माणसाचे दिवस कमी होत जातात, आणि एका वर्षी उन्हाळा येतो तरी तो परत माणूस होत नाही. हिवाळा तोंडावर आलेला, आणि त्याला उबेत ठेवण्यासाठी ती पोर धडपडते आहे. मी पंखा बंद करून वाचत होतो, हे नंतर लक्षात आलं.

बाराव्या शतकात मारी द फ्रान्स या कवयित्रीनं अशीच एक कथा सांगितली आहे. एक सरदार आठवड्यातले तीन दिवस नाहीसा होतो. बायको लाडीगोडी लावून कारण काढून घेते. तो लांडगा होतो हे कळल्यावर ती घाबरते, त्याचे कपडेच पळवायला लावते, म्हणजे तो पुन्हा माणूस होऊ नये, आणि दुसरा नवरा करते. जुन्या गोष्टीतली बायको खरं ऐकून पळाली. नव्या गोष्टीतली मुलगी खरं ऐकते आणि तिथंच बसून राहते. एवढ्यासाठीच ही पुस्तकं खपत असावीत. आपल्यातला लांडगा कुणाला तरी सांगावा आणि तिनं उठून जाऊ नये, ही इच्छा काही फक्त अमेरिकेतली नाही.

हे सगळं मी चहा पिताना सौ.ला ऐकवलं. ती शेंगा सोलत होती.

"त्या पोरीचं बरं होतं," ती म्हणाली. "थंडी पडली की तिला कळायचं. तुमचं आम्हाला चाळीस वर्षं अंदाजानं ओळखावं लागलं."

"म्हणजे?"

"तुम्ही दारात चपला कशा आपटता त्यावरून मुलं ठरवायची, पत्ते लपवायचे की नाही."

मी गप्प बसलो. चहा निवाला. मग एकदम आठवलं.

"पण 'शिव्हर' तू कधी वाचलंस?"

"दुपारी. तुम्ही घोरत असता तेव्हा."

नातीनं पुस्तकं मागवली. मी पाच पाठवली. सहावं सौ.च्या उशाशी आहे. तिचं दुसऱ्यांदा चाललंय.

हल्ली मी दारात चपला हळूच काढतो. आवाज होत नाही, त्यामुळे सौ.ला आतून विचारावं लागतं, "कोण आलंय?"

"माणूस," मी सांगतो.