जहांगीरच्या आठवड्यापलीकडे

डिसेंबर 2015 मध्ये क्रिस्टीजच्या मुंबईतल्या लिलावात वासुदेव गायतोंडे यांचं 1995 सालचं एक चित्र 29 कोटींच्या वर गेलं. गायतोंडे 2001 मध्येच गेले होते. दिल्लीतलं त्यांचं आयुष्य निजामुद्दीनच्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, अगदी मोजक्या गरजांत गेलं. अशी बातमी आली की चित्रकलेला बरे दिवस आल्याचं बोललं जातं. मला ते पटत नाही. हा पैसा एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे जातो. जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधून यंदा बाहेर पडलेल्या मुलाचं खोलीभाडं त्यातून सुटत नाही.

आपल्याकडे चित्रकाराचं घर निव्वळ कॅनव्हासच्या विक्रीवर क्वचितच चाललं. म. वि. धुरंधरांच्या आत्मचरित्राचं नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ आहे, आणि ती वर्षं जे.जे.शी बांधलेली आहेत. प्रभाकर बरवे अनेक वर्षं वीव्हर्स सर्व्हिस सेंटरच्या नोकरीत होते. सुधीर पटवर्धन 1975 पासून तीस वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते. दिवसभर लोकांच्या शरीराच्या आतलं पाहणाऱ्या या माणसाने संध्याकाळी रेल्वेतली, नाक्यावरची, चाळीतली माणसं रंगवली. त्या उत्पन्नामुळे त्यांना गिऱ्हाइकाच्या आवडीचं चित्र काढावं लागलं नाही. नोकरी करणारा चित्रकार अर्धवेळचा, ही समजूत या कामापुढे टिकत नाही.

दुसरा मोठा आधार छपाईचा. चित्रकार दीनानाथ दलालांनी 1945 मध्ये ‘दीपावली’ अंक सुरू केला, तेव्हा मुखपृष्ठाचे पैसे मागायला ते दुसऱ्याच्या दारात उभे नव्हते. अंकच त्यांचा होता. रघुवीर मुळगावकरांची देवादिकांची कॅलेंडरं घरोघरी भिंतीवर लागली. समीक्षकांनी या कामाला ‘व्यावसायिक’ म्हणून खालच्या पंगतीला बसवलं, हा आपल्या कलासमीक्षेतला मोठा दोष आहे. दलालांचं रेखांकन, त्यांचे सपाट, धीट रंग ज्यांनी पाहिलेत त्यांना मला काय म्हणायचंय ते कळेल. हजारो मराठी घरांत चित्र पोचलं ते गॅलरीतून नव्हे, या छापील कागदावरून.

हे आधार एकेक करून खचले. फ्लेक्स आला आणि हाताने होर्डिंग रंगवणाऱ्यांचं काम गेलं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं अजून बसतात, पण पूर्णवेळ चित्रकला शिक्षक नसलेल्या शाळा थोड्या नाहीत. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाला मान मिळतो, मानधन मात्र कळवायचं राहून जातं. आता तर संगणकाला चार ओळी सांगितल्या की चित्र तयार होऊन येतं, आणि छोट्या प्रकाशकाला तेवढं पुरतं.

मग उरतं प्रदर्शन. जहांगीर आर्ट गॅलरी 1952 मध्ये उघडली, आणि आजही तिथली तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. तारीख लागली की हॉलचं भाडं, फ्रेमिंग, टेम्पो, कॅटलॉग, निमंत्रणपत्रिका, उद्घाटनाचा चहा, आणि बाहेरगावच्या चित्रकाराला आठवडाभराचा मुक्काम. सगळा खर्च आधी, विक्री झालीच तर नंतर. खासगी गॅलरी भाडं घेत नाही, पण विक्रीतला तिसरा हिस्सा, कधी निम्माही, ठेवून घेते. कोल्हापूर-सांगलीकडून कर्ज काढून आलेला चित्रकार सातव्या दिवशी तीच चित्रं बबलरॅपमध्ये गुंडाळतो आणि गावी ‘जहांगीरला शो झाला’ एवढंच सांगतो. प्रदर्शन हवंच, त्याने ओळख होते. पण त्यावर वर्षाचा हिशेब मांडणं धोक्याचं आहे.

जे टिकून आहेत त्यांच्याकडे पाहिलं की उत्पन्नाच्या तीन-चार वाटा दिसतात. शिक्षणाने अभियंता असलेले पुण्याचे मिलिंद मुळीक जलरंग करतात, त्याबरोबर पुस्तकं लिहितात, कार्यशाळा घेतात. शिकवण्यासारखी भाषा ज्याने कमावली त्याला हे जमतं. सगळ्यांना जमेल असं नाही.

ज्याकडे फार थोडे चित्रकार वळतात ती वाट हक्काची. पैसे घेऊन सांगितलेलं व्यक्तिचित्र काढलं आणि वेगळा करार केला नाही, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार त्याचा कॉपीराइट काम देणाऱ्याकडे जातो. ते चित्र उद्या कॅलेंडरवर छापलं, तर चित्रकाराच्या हाती काही येत नाही. दोन ओळींचं पत्र आधी लिहून घेतलं असतं तर भागलं असतं. त्याच कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने कलम 53अ आलं: मूळ चित्र पुन्हा दहा हजारांवर विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा वारसांना दहा टक्क्यांपर्यंत हिस्सा मागता येतो. फ्रान्सने असा हक्क 1920 मध्ये दिला, ब्रिटनने 2006 मध्ये, आणि तिथे तो वसूल होतो. आपल्याकडे तो पुस्तकातच पडून आहे. एकटा चित्रकार लिलावगृहाकडे हिस्सा मागायला जाणार नाही; पुढचं चित्र त्याला त्याच बाजारात विकायचं असतं.

ही मागणी संस्थेनेच करायला हवी. बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 ची, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया 1918 ची. वार्षिक प्रदर्शनं आणि पारितोषिकं दोघींनी नेटाने चालवली, त्यांचं ऋण मोठं आहे. आता त्यांनी कराराचा एक साधा मराठी मसुदा छापून प्रत्येक सभासदाच्या हातात द्यावा, आणि कलम 53अ खालचा पहिला दावा स्वतःच्या खर्चाने लढवावा.