आदिमुळातले ‘आदि’

‘बीज रुजताना प्रथम बाहेर पडते ते आदिमूळ, त्याचेच पुढे मुख्य मूळ होते.’ असे आपण फळ्यावर लिहितो आणि शेजारी घेवड्याचे चित्र काढतो. नागपूर-रायपूर रस्त्यावरच्या कोहमाऱ्याला, धानाच्या मुलखात, ही व्याख्या आम्हाला अपुरी वाटते.

धानाचे आदिमूळ थोडेच दिवस कामाचे. रोपाला पुढे धरून ठेवतात ती खोडाच्या पेरांपासून फुटणारी तंतुमुळे. रोवणीसाठी पऱ्हे उपटणाऱ्या मुलाने ती पाहिलेली असतात. ‘प्रथम’ हेही नेहमी खरे नाही. ओल्या गोणपाटात, हवा मिळाली की, मूळ लवकर दिसते. तेच धान पाण्यात खोल बुडवले तर प्राणवायू कमी पडतो, कोंबाचे आवरण आधी लांबते आणि मूळ मागे राहते. दोन पेले पुरतात, वर्गात करून पाहावे.

लॅटिन ‘रॅडिकुला’ म्हणजे नुसते छोटे मूळ. ‘आदि’ आपण जोडले. (संस्कृतात ‘मूलक’ म्हणजे मुळा, रसायनशास्त्राच्या तासाला मुलांना सांगून पाहा!)

खरा घोळ ‘अंकुर’ शब्दाचा. पुस्तकात तो वर जाणाऱ्या कोंबासाठी राखलेला, घरी मात्र मटकीचा मोड म्हणजेच अंकुर. तो पांढरा मोड तर बहुतांशी आदिमूळच! त्याला ‘अंकुर’ लिहिणाऱ्या मुलांचे गुण आम्हीही कापले आहेत. आता आम्ही आधी विचारतो, ‘हे टोक कुठे वळेल?’ आणि गुण त्या उत्तराला देतो.