मधल्या चित्रांचे मजूर

रेषेला जात नसते, असे आपल्याकडे चित्रकलेच्या मास्तरांपासून समीक्षकांपर्यंत सगळेच मोठ्या उदारपणे सांगत असतात. मी चित्रकला शिकवतो, आणि हे विधान मला मान्य नाही. रेषा कुणाचा तरी हात काढतो. त्या हाताने काय पाहायचे, कशाला सुंदर म्हणायचे, कोणते शरीर प्रमाणबद्ध मानायचे, हे त्याला आधी शिकवलेले असते. एका जागी थांबलेल्या चित्रात हे झाकून जाते. ॲनिमेशनमध्ये झाकत नाही, कारण तिथे शरीराला चालावे लागते, वाकावे लागते, ओझे उचलावे लागते. माणूस चालतो कसा, हे कुणीतरी ठरवल्याखेरीज पडद्यावर एक पाऊल पडत नाही. आज वस्तीवस्तीतली चित्रे काढणारी मुले ह्या धंद्याकडे आशेने पाहत आहेत. तेव्हा हे ठरवणारा कोण, असा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

ह्या शिक्षणाची सुरुवात शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांपासून होते. त्यांत स्मरणचित्राचा पेपर असतो. बाजार, जत्रा, बसस्थानक, सण असे विषय येतात. माझ्या एका विद्यार्थ्याने सरावासाठी बाजार काढला तो जमिनीलगतून. त्याचे वडील बाजाराच्या तोंडाशी चपला शिवायला बसतात आणि सुट्टीच्या दिवशी हा त्यांच्या शेजारी असतो. चित्रात टाचा होत्या, पोटऱ्या होत्या, लुगड्यांचे काठ होते, भरलेल्या पिशव्यांचे बूड होते. गिऱ्हाइकाचा चेहरा एकही नव्हता. पण कोण कोणत्या पायावर भार देऊन उभे आहे, हे त्या पोराने नेमके पकडले होते. परीक्षक म्हणून काम केलेल्या एका गृहस्थांनी ते पाहिले आणि विचारले, "ह्यात बाजार कुठे आहे?" त्यांचा बाजार उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून दिसणारा होता. स्मरण ज्याचे त्याचे असते असे म्हणायचे आणि गुण मात्र एकाच उंचीवरच्या स्मरणाला द्यायचे, असा हा व्यवहार आहे.

पुढे कलामहाविद्यालयात गेले तरी फार फरक पडत नाही. मुंबईचे सर जे. जे. स्कूल १८५७ साली सुरू झाले, आणि ग्रीक मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून शरीर शिकवण्याची रीत तिथून महाराष्ट्रभर पसरली. त्या मापाने हमालाची पाठ हा दोष ठरतो. शरीरशास्त्र शिकू नये, असे मी म्हणत नाही. हाडे आणि स्नायू न शिकता विद्रोहाच्या नावावर कच्ची रेषा खपवणाऱ्या आपल्यातल्या मंडळींशी माझे जुने भांडण आहे. प्रश्न एवढाच आहे की शास्त्र कोणाच्या शरीराचे?

ॲनिमेशनचे जे व्याकरण आज मुंबई-पुण्याच्या वर्गांतून शिकवतात, ते मुख्यतः १९३०च्या दशकात लॉस एंजेलिसला घडले. वॉल्ट डिस्नेने आपल्या चित्रकारांना शुनार्ड कलाशाळेत पाठवले आणि १९३२ पासून तिथल्या डॉन ग्रॅहम ह्या शिक्षकाचे वर्ग स्टुडिओतच भरवले. 'बॅम्बी' ह्या १९४२ च्या चित्रपटासाठी जिवंत पाडसे स्टुडिओत आणली आणि रिको लेब्रन ह्या चित्रकाराकडून चित्रकारांना प्राण्याचे हाड न् हाड शिकवले. ह्या निष्ठेबद्दल आदरच वाटतो. परंतु त्याच स्टुडिओचा १९४१ चा 'डम्बो' पाहा. भर पावसात, रात्री, काळे मजूर सर्कशीचा तंबू उभारतात आणि त्या मजुरांना चेहरेच काढलेले नाहीत. माझ्या विद्यार्थ्याला गिऱ्हाइकांचे चेहरे बसल्या जागेवरून दिसत नव्हते. इथे चेहऱ्याकडे पाहण्याची गरजच कुणाला वाटली नाही. हरणाच्या हाडांचा अभ्यास होतो आणि मजुराला डोळे मिळत नाहीत, ही वस्तुस्थिती त्या सौंदर्यशास्त्राबद्दल पुष्कळ सांगून जाते. ह्याच स्टुडिओतल्या दोन ज्येष्ठ चित्रकारांनी १९८१ साली ॲनिमेशनची बारा तत्त्वे ग्रंथरूपाने मांडली. आजचे वर्ग त्यांवरच चालतात. त्यांतले एक तत्त्व आहे 'अपील', म्हणजे पाहणाऱ्याला ओढून घेणारा लोभसपणा. लोभस कुणाला? हा प्रश्न दलित साहित्याने कवितेच्या बाबतीत केव्हाच विचारला. चित्राच्या वर्गात तो अजून पोचलेला नाही.

हे व्याकरण मुंबईत आले १९५६ साली. अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्य योजनेखाली डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले आणि तिथल्या कार्टून विभागातल्या तरुणांना त्यांनी शिकवले. त्यातून १९५७ साली 'द बनियन डिअर' हा पट तयार झाला. त्याचा आधार आहे निग्रोधमृग जातक. त्याच १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो माणसांसह धम्मदीक्षा घेतली होती. एकीकडे माणसे बुद्धाकडे जात होती आणि दुसरीकडे सरकारी स्टुडिओत जातकातली हरणे 'बॅम्बी'च्या वळणाने धावायला शिकत होती.

ते जातक आपण नीट वाचावे असे आहे. राजाच्या शिकारीत फार हरणे जखमी होतात म्हणून दोन कळप पाळी ठरवतात. रोज एका हरणाने खाटकाच्या ठोकळ्यावर आपणहून मान ठेवायची. एका गाभण हरिणीची पाळी येते. तिचा स्वतःचा नायक पाळी बदलायला नकार देतो. दुसऱ्या कळपाचा नायक, म्हणजे बोधिसत्त्व, तिच्या जागी जाऊन मान ठेवतो. राजा विरघळतो, त्याला अभय देतो. तेवढ्यावर तो थांबत नाही, सगळ्या हरणांसाठी, मग सगळ्या प्राण्यांसाठी अभय मागून घेतो. करुणेची गोष्ट म्हणून ती सांगतात आणि ती आहेही. पण पाळीची व्यवस्था चोख आणि न्याय्य दिसत असताना तिच्यात रोज एक मान जाते, हे त्या कथेतले कठोर सत्य आहे. ते पडद्यावर आणायला हरणाचे धावणे सुंदर असून भागत नाही; ठोकळ्याकडे चालत जाणाऱ्या हरिणीच्या पायांतले वजन काढता यावे लागते. वजन काढणे हेच ॲनिमेशनमधले सर्वांत अवघड काम आहे.

आता ह्या धंद्यातले श्रम कसे वाटलेले असतात ते पाहू. पडद्यावरच्या एका सेकंदाला चोवीस चौकटी लागतात. सर्रास बारा चित्रांवर भागवतात. हालचालीतल्या मोक्याच्या अवस्था मुख्य ॲनिमेटर काढतो. त्यांच्यामधली चित्रे इन-बिटवीनर भरतो. पूर्वी त्यानंतर शाई आणि रंग भरणारे येत. डिस्नेकडे १९३०च्या दशकात ह्या खात्यात मुली बसत आणि सर्जनशील काम बायकांना देत नाही, असे स्टुडिओ लेखी कळवत असे. जातिव्यवस्था ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त दाखवून दिले. स्टुडिओ म्हणजे जातिव्यवस्था असे मी म्हणणार नाही. तिथे जन्माचा दाखला मागत नाहीत. पण मधली चित्रे भरणारा कोण राहतो आणि मुख्य चित्रापर्यंत कोण चढतो, हे ज्याच्या घरात दोन वर्षे बिनपगारी सराव करायची सोय आहे त्याच्या बाजूने आधीच ठरलेले असते. २९ मे १९४१ रोजी डिस्नेकडे संप झाला, त्याचे एक कारण वरच्या आणि खालच्या चित्रकारांच्या पगारांतली दरी हे होते. आर्ट बॅबिट हा भरपूर पगार घेणारा मुख्य ॲनिमेटर त्या संपात खालच्यांबरोबर उभा राहिला. असे उदाहरण आपल्याकडे मला अजून भेटायचे आहे.

१९५६ ह्याच वर्षी डिस्नेकडे फ्लॉइड नॉर्मन हा पहिला कृष्णवर्णीय ॲनिमेशन-चित्रकार लागला, तोही इन-बिटवीनर म्हणूनच. 'स्लीपिंग ब्यूटी'ची मधली चित्रे काढत त्याने सुरुवात केली आणि 'द जंगल बुक'च्या (१९६७) वेळी तो कथाविभागात पोचला. त्यानंतरचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. १९६०च्या दशकात लिओ सुलिवन ह्या सहकाऱ्याबरोबर त्याने स्वतःची संस्था काढून कृष्णवर्णीयांच्या इतिहासावर शाळांसाठी पट केले. मोठ्या घरात जागा मिळाली एवढ्यावर तो थांबला नाही. आपल्या साहित्याने निग्रो कवितेशी नाते जोडले, 'पँथर' हे नाव घेतले. ह्या चित्रकाराचे नाव मात्र आपल्या वाचनात क्वचितच येते.

इथली स्थिती काय आहे? राम मोहन रसायनशास्त्राचे पदवीधर. ते १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात लागले आणि काम करता करता शिकले. पगार घेऊन शिकण्याची ती सरकारी जागा होती. फिल्म्स डिव्हिजनच्या विलीनीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२० च्या डिसेंबरात मान्यता दिली. आता ॲनिमेशन बहुतांशी खासगी प्रशिक्षण केंद्रांत विकत घ्यावे लागते. शासकीय महाविद्यालयात राखीव जागा आहेत. ह्या केंद्रांत आणि स्टुडिओंत त्या नाहीत. बाप कर्ज काढतो, पोरगा सॉफ्टवेअरची बटणे शिकतो आणि परदेशी चित्रपटांच्या रोटोच्या कामाला लागतो, म्हणजे चित्रीकरणातल्या माणसाची कड चौकटीमागून चौकट कापत बसतो. रेषा मारायला गेलेला रेषा कापू लागतो. आणि नेमके हेच मधले काम आता यंत्र करू लागले आहे. ज्यांना फक्त मधले शिकवले, त्यांची पाळी आधी येणार.

आपल्या चळवळीलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. जयंतीच्या सुमारास बाबासाहेबांवरच्या छोट्या ॲनिमेशनफिती मोबाइलवर फिरतात. निळा कोट, उगारलेले बोट, मागे संसद. पुतळाच, फक्त ओठ हलणारा. महाडला चवदार तळ्याच्या काठाशी वाकलेला, ओंजळीत पाणी घेणारा देह त्यांत दिसत नाही, कारण वाकणे काढायला शिकावे लागते. जातकाच्या हरिणीसाठी जे वजन लागते तेच इथेही लागते. पिंगुळीच्या ठाकर समाजाने चित्रामागून चित्र दाखवत कथा सांगण्याची चित्रकथी परंपरा टिकवली. परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. सत्कार झाला, ॲनिमेशनच्या वर्गात शिकवायला चित्रकथींना कोण बोलावतो?

नोकरी मागायला जाताना मुलांना कामाचे नमुने दाखवणारी एक-दोन मिनिटांची फीत लागते. बहुतेकांच्या फितीत तोच उसळणारा चेंडू आणि तोच गोऱ्या नायकाचा वॉक सायकल असतो. मी माझ्या मुलांना डोक्यावर हंडा घेतलेली बाई करायला सांगतो. एकदा रिकामा हंडा घेऊन जाताना, एकदा भरलेला आणताना. मान तीच, कंबर वेगळी, पाऊल आखूड. मुख्य चित्रे स्वतः पाहून काढायची, पुस्तकातून नाही. एक मुलगी गेले तीन आठवडे नळावर वही घेऊन जाते आहे. जातानाची चाल तिला साधली आहे. येतानाची सातव्या चित्रापर्यंत जमते. आठव्याला हंडा अजून तरंगतो.