सात एकर, पण कुणाचे?

मी येरवड्यात भाड्यानं राहतो. जेवण मागवताना ॲपमध्ये टाकतो तो पत्ता 'स. नं.'पासून सुरू होतो. सर्व्हे नंबर म्हणजे कधीकाळच्या शेताचा नंबर. शेत जाऊन जमाना झाला, नंबर पत्त्याला चिकटून राहिलाय. आमच्या गल्लीला मधेच एक तिरकं वळण आहे, रिक्षावाले तिथं रोज शिव्या घालतात. एका रविवारी जुना नकाशा आणि उपग्रहाचं चित्र एकावर एक ठेवून पाहिलं (ऑफिसातही दिवसभर असलंच काहीतरी करतो, फक्त डेटा दुसऱ्याचा असतो). वळण बरोबर दोन नंबरांमधल्या रेषेवर बसलं. बांधाची भिंत झाली होती आणि भिंतीच्या कडेनं गल्ली.

हा नाद लागला तो गावाकडच्या भांडणामुळे. आमचं गाव याच नगर रस्त्यानं पुढे, शिरूर तालुक्यात. काकांनी बांध कोरला असं वडिलांचं म्हणणं. बांध मुळात तिथं नव्हताच असं काकांचं. वाद दीड-दोन फुटांचा. आमच्या वाट्याला सगळे मिळून चौदा गुंठे. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. त्यातलं उत्पन्न माझ्या आठवड्याच्या पगाराएवढंही नाही. 'द्या सोडून' असं वडिलांना सांगायला भक्कम आधार हवा होता, म्हणून हॅरल्ड मॅन यांचं 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज' वाचायला घेतलं.

मॅन पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल. पुस्तक १९१७चं. त्यांनी आणि त्यांच्या मराठी सहकाऱ्यांनी एकच गाव निवडून माती, पाणी, पिकं, कर्ज असं सगळं मोजलं. ते गाव पिंपळे सौदागर. हो, तेच, जिथं आता आपल्यातल्या निम्म्यांचे टू बीएचके आहेत. पुस्तकातली सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे घसरत जाणारी सरासरी: १७७१ साली एका खात्याला ४० एकर, १८१८ला साडेसतरा, १९१४-१५ला सात. १५६ खातेदार, सातशेहून जास्त तुकडे, त्यातले निम्म्याहून अधिक एकराच्या आतले. वाचून मी खूश झालो. वडिलांना फोन लावला.

"काय निघालं पुस्तकात?"

"सरासरी सात एकर राहिली होती, शंभर वर्षांपूर्वीच."

"कुणाचे सात?"

उत्तर नव्हतं. मॅन यांचं मोजमाप चोख आहे, पण या आकड्याची मेख इथंच आहे. सरासरी कमी झाली एवढं ती सांगते, रेषा कुठून कुठं गेली हे सांगत नाही. आमच्या चौदा गुंठ्यांची पट्टी लांबलचक आणि चिंचोळी आहे. नांगर वळवायलाही जागा पुरत नाही. कागदावर बघाल तर वेडेपणा. पण आजोबांच्या वाटणीत प्रत्येक भावाला विहिरीजवळची काळी जमीन आणि वरची मुरमाड, दोन्ही यायला हवी होती. म्हणून पट्ट्या उभ्या पाडल्या. न्याय करायला गेले आणि तुकडे झाले. कोष्टकात तो फक्त आणखी एक तुकडा. तुकडे हा शेतीचा रोग, हा सूर पुस्तकभर आहे, आणि १९४७च्या तुकडेबंदी कायद्यामागेही तोच सूर ऐकू येतो.

खरी ताकद मला पुस्तकाच्या दुसऱ्या भागात वाटली, जिथं मॅन घरखर्चाचा हिशेब मांडतात. नुसत्या जमिनीवर भागणारी कुटुंबं अगदी थोडी. बाकीच्यांना बाहेरच्या मजुरीचा आधार, खडकीच्या दारूगोळा कारखान्याची वाट धरायची. म्हणजे पोट शहरावर आणि नाव सातबाऱ्यावर. हे माझंच वर्णन आहे. आणि इथंच मला मॅन अपुरे वाटतात: तुकडे एका खणात, मजुरी दुसऱ्या खणात. पोट बाहेर भरतं म्हणूनच माणूस तोट्यातला तुकडा धरून ठेवू शकतो, हा सांधा त्यांच्या आकड्यांत आहे, पण तो त्यांनी पुरेसा ताणून पाहिलेला नाही. शहराचा परिणाम त्यांना खटकला असावा. दुसरा अभ्यास त्यांनी मुद्दाम शहरापासून लांबच्या गावाचा केला, जातेगाव बुद्रुकचा, १९२१ साली. ते आमच्याच तालुक्यातलं. आज तिथूनही पोरं पुण्यालाच येतात.

तरीही पुस्तक वाचा. एवढ्या चिकाटीनं एका गावाकडे बघणारं मराठी मुलखाबद्दलचं दुसरं पुस्तक मला चटकन आठवत नाही.

'द्या सोडून' म्हणायचं राहिलंच. त्याऐवजी मी टिपणाची नक्कल काढली. टिपण म्हणजे मूळ मोजणीच्या वेळी काढलेलं शेताचं कच्चं रेखाटन. त्यात लांबी साखळी आणि आण्यांत लिहिलेली असते; ३३ फुटांची साखळी, सोळा आण्यांची. म्हणजे एक आणा दोन फुटांहून थोडा जास्त. आमचा सगळा वाद एका आण्याच्या आतला निघाला. काकांना तेवढं व्हॉट्सॲपवर पाठवलं. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. मोजणीची तारीख मंगळवारची आहे. मी रजा टाकली आहे.