प्रतिध्वनीची लय : एका ‘वैश्विक’ ध्वनिमुद्रिकेचा विचार

एकाच स्वराभोवती दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या व विद्युत्-उपकरणांच्या योगे विस्तार पावणाऱ्या संगीतास ‘वैश्विक’ म्हणण्याचा प्रघात पश्चिम जर्मनीत १९७०च्या दशकाच्या आरंभी पडला. तेव्हापासून या संगीतावरील बरेचसे लेखन तारे, अंतराळ व समाधी यांच्या प्रतिमांतच रमलेले आढळते. अशा लेखनाने श्रोत्याच्या मनःस्थितीचे वर्णन होते. कृतीचे मूल्यमापन मात्र होत नाही. बर्लिनचा गिटारवादक मानुएल ग्योट्शिंग (१९५२-२०२२) याची ‘इन्व्हेन्शन्स फॉर इलेक्ट्रिक गिटार’ ही १९७५ सालची ध्वनिमुद्रिका या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे.

या ध्वनिमुद्रिकेत तीन रचना आहेत. ऐकताना अनेक सिंथेसायझर वाजत असल्याचा भास होतो. वस्तुतः त्यांतील प्रत्येक ध्वनी गिटारचाच आहे. चार पदरी ध्वनिमुद्रणयंत्र आणि फितीवरील प्रतिध्वनी ही येथील मुख्य साधने. फितीवर नोंदलेला स्वर क्षणभराने दुसऱ्या शीर्षापाशी पोचतो व पुन्हा ऐकू येतो. हा विलंब दोन शीर्षांमधील अंतरावर आणि फितीच्या वेगावर अवलंबून असतो. वादकाने दोन प्रतिध्वनींच्या मधल्या जागेत नेमका आघात केला की साधी स्वरावली दुप्पट दाट होते. म्हणजे येथे कालमान यंत्राचे आणि निवड वादकाची. किंचित घाई झाली तरी सारी वीण विसकटते. तेव्हा या संगीताला ‘स्वैर’ म्हणणे यथार्थ नव्हे.

या संगीताचे नाते भारतीय संगीताशी जोडण्याची प्रवृत्तीही सार्वत्रिक आहे. अशा पुनरावृत्तिप्रधान संगीताचा एक प्रवर्तक, अमेरिकन रचनाकार टेरी रायली, हा किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचा शिष्य झाला, हे खरे. परंतु ते १९७० साली. फितीच्या विलंबाचे तंत्र त्याने १९६०च्या दशकातच योजले होते. शिवाय तंबोऱ्याचे कार्य निराळे आहे. तंबोरा हे अधिष्ठान असते. षड्ज अचल असतो म्हणूनच गांधाराचे वा निषादाचे स्थान उमगते, आणि राग त्या अधिष्ठानाहून वेगळा उभा राहतो. ग्योट्शिंगच्या रचनेत अधिष्ठान आणि आकृती असा भेद फारसा उरत नाही. जे सतत वाजत राहते तेच हळूहळू बदलत जाते.

मग या बदलाची परीक्षा कशी करावी? बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये प्रतिपादिलेली संवाद, विरोध व समतोल ही लयतत्त्वे येथे उपयोगी पडतात; कारण ती कृतीबाहेरच्या अर्थाकडे न जाता संवेदनांच्या परस्परसंबंधांकडे पाहतात. ‘एको वेव्हज’ या पहिल्या रचनेत संवादलय प्रदीर्घ काळ टिकते आणि अखेरीस मोकळ्या, कर्कशतेकडे झुकणाऱ्या गिटारच्या प्रवेशाने विरोध साधला जातो. तो विरोध प्रभावी ठरतो तो आधीच्या दीर्घ संयमामुळे. ‘क्वासारस्फिअर’ ही मधली रचना सुखद आहे, पण तीत विरोधाला वावच नाही. म्हणून ती वातावरण निर्माण करून थांबते. ‘प्लुरालिस’ वीस मिनिटांहून अधिक चालते. तिची संथ गती समतोलाकडे जाते खरी, परंतु मधल्या भागात बदलांचे प्रमाण विस्ताराच्या मानाने तोकडे वाटते.

या परीक्षेत मर्ढेकरांच्या उपपत्तीलाही एक प्रश्न सामोरा येतो. दोन संवेदनांमधील विरोध केवळ त्यांच्या गुणांवर ठरतो, की त्यांच्यामध्ये लोटलेल्या काळावरही? ‘एको वेव्हज’मधील अखेरचा स्वर आरंभीच वाजला असता, तर तो एक सामान्य स्वर ठरला असता. १९८१ साली ध्वनिमुद्रित होऊन १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ई२-ई४’ या सुमारे तासाभराच्या रचनेत ग्योट्शिंगने गिटारला बराच काळ रोखून धरले, ते याच जाणिवेतून असावे. कालावधी हा येथे लयीचा घटक आहे, तिचे रिकामे पात्र नव्हे. दीर्घता ही आपोआप खोली होत नाही. ती सार्थ ठरली की नाही, हे समीक्षकाने प्रत्येक रचनेत स्वतंत्रपणे ठरवावयाचे असते. ‘वैश्विक’ या विशेषणाने ते काम टळत नाही.